एका फाइलची सहा वचनं: अरबी जगातल्या मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट

संगणकावरच्या चार-पाच फायली निवडून उडवायला गेलं की तो विचारतो, '५ फायली हटवायच्या का?' हा प्रश्न मराठीत आणायला दोन वाक्यं पुरतात. फाइल एक असेल तर 'ही फाइल', जास्त असतील तर 'या फायली'. अरबीत मात्र एवढ्यावर भागत नाही. फाइलला तिकडे 'मलफ्फ' म्हणतात. एक असेल तर मलफ्फ. दोन असतील तर द्विवचन, मलफ्फान. तीन ते दहा असतील तर अनेकवचन, मलफ्फात. अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत पुन्हा एकवचन, पण वेगळ्या विभक्तीत: मलफ्फन. शंभरला परत साधं मलफ्फ. शून्य फायली असतील तर त्याचं वाक्यच निराळं. आणि १०३ फायली असतील तर गाडी पुन्हा तीन-ते-दहाच्या नियमावर येते. शाळेत संस्कृतचं द्विवचन घोकताना आपण रडलो होतो, त्याची आठवण यावी असा प्रकार.

मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतराची जी फाइल असते, तिच्या माथ्यावर अरबीसाठी 'वचनं सहा' अशी नोंद असते. खाली प्रत्येक अशा वाक्याला सहा रिकाम्या चौकटी. त्या कोण भरतं? बहुतेक वेळा कैरो, अम्मान नाहीतर अल्जीयर्समधला कुणीतरी, ऑफिस सुटल्यावर, पदरमोड करून. अरबी जगातल्या ओपन सोर्स समुदायाबद्दल बोलायचं तर सुरुवात त्या चौकटींपासून करावी, परिषदा आणि हॅकेथॉनपासून नव्हे, असं मला वाटतं.

मुक्त आणि फुकट

आधी शब्द. सॉफ्टवेअर ज्या भाषेत माणूस लिहितो ती मूळ संहिता म्हणजे सोर्स कोड. बाजारातलं बरंचसं सॉफ्टवेअर आपल्याला तयार मिळतं, संहिता कंपनीच्या कपाटात राहते. ओपन सोर्समध्ये संहिताही हाती येते: वाचा, बदला, बदललेली प्रत वाटा. इंग्रजीत याला 'फ्री' म्हटल्यामुळे चाळीस वर्षं घोळ चालू आहे, कारण त्या एका शब्दात स्वातंत्र्यही आलं आणि चकटफूही. अरबीत घोळ नाही. स्वतंत्र तो 'हुर्र', बिनपैशाचा तो 'मज्जानी'. आपल्याकडेही मुक्त आणि फुकट हे दोन वेगळे शब्द आहेत, तेव्हा मराठी वाचकाला हे चटकन उमगावं.

समुदाय का लागतो, तर संहिता सार्वजनिक विहिरीसारखी असते. पाणी सगळे भरतात. गाळ काढायला मात्र चार माणसं आत उतरावी लागतात, आणि दरवर्षी उतरावी लागतात.

अरब लीगमध्ये २२ देश, लोकसंख्या ४० कोटींहून जास्त. एवढ्या मोठ्या भाषेला संगणक काही नवा नव्हता. कुवेतच्या मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२मध्ये 'सख्र' ही कंपनी काढली, अरबी कळफलकाचे घरगुती संगणक विकले आणि एका पिढीला संगणकाची पहिली ओळख करून दिली. १९९०मध्ये इराकने कुवेतवर स्वारी केल्यावर तिचं काम कैरोला हललं. पण हे सगळं ज्ञान कंपनीच्या मालकीचं होतं. अरबी अक्षर पडद्यावर कसं बसवायचं हे सख्रच्या अभियंत्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांच्यापाशीच राहिलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना तेच काम पायापासून परत करावं लागलं.

अक्षरं जोडायची कुणी?

अरबी अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. शब्दाच्या सुरुवातीला, मधे, शेवटी आणि एकटं असताना 'ऐन' हे अक्षर चार वेगळ्या रूपांत दिसतं. २८ पैकी सहा अक्षरं (अलिफ, दाल, झाल, रा, झा, वाव) फक्त उजवीकडच्या शेजाऱ्याचा हात धरतात, डावीकडे सोडून देतात. फाइलीत साठवताना मात्र अक्षर एकच असतं. कुठलं रूप काढायचं हे पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामने ठरवायचं. तो अडाणी असेल तर अक्षरं सुटी सुटी पडतात आणि वर उलट्या क्रमाने येतात. परदेशातल्या पाट्यांवर, विदेशी मालिकांमधल्या फलकांवर असली मोडकी अरबी अजूनही दिसते आणि अरब लोक तिची यथेच्छ टिंगल करतात.

आपल्याला हे दुखणं परकं नाही. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडते. 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी. दाखवताना आधी वेलांटी, मग क. अक्षरं मांडण्याच्या या कामाला एक स्वतंत्र इंजिन लागतं. मुक्त जगात ते काम आज मुख्यतः हार्फबझ करतं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत ते आहे. नाव फारसीतलं: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. ते उभं केलं बेहदाद इस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने, आणि त्यात मोलाची भर घातली खालिद होस्नी या इजिप्शियनाने. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर यातली जोडाक्षरं बहुधा हार्फबझनेच जुळवली आहेत. अरबीसाठी घासलेलं भांडं मराठीच्याही कामी आलं ते असं.

दुसरी भानगड दिशेची. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, पण त्याच ओळीतले आकडे आणि इंग्रजी शब्द डावीकडून उजवीकडे. दुबईतल्या भाच्याचा नंबर अरबी वाक्यात लिहा: ९७१च्या आधीचं अधिकचं चिन्ह टुणकन दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. कंस उलटे होतात. पूर्णविराम ओळीच्या भलत्या कडेला चिकटतो. कुणी कुठे बसायचं याचे नियम युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक प्रमाणकाने ठरवले आहेत. ते राबवणारी फ्रीबिडी ही मुक्त लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) दोव ग्रोबगेल्ड यांनी सुरू केली आणि पुढे तिच्यावर बेहदाद यांनी काम केलं. हिब्रूही उजवीकडूनच लिहितात, त्यामुळे राजकारणात एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या भाषा या लायब्ररीत एका पंगतीला बसल्या आहेत.

दिशेच्या या नियमांनी २०२१मध्ये एक नवं लफडं बाहेर काढलं. केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं कोडमध्ये पेरली, तर वाचणाऱ्या माणसाला एक दिसतं आणि संगणक दुसरंच चालवतो. मग प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या गिटहबसारख्या ठिकाणी अशा फाइलींवर धोक्याची सूचना येऊ लागली. बंदोबस्त योग्यच. पण ज्याच्या भाषेला ही चिन्हं रोजच्या वापरात लागतात, त्याच्या वाट्याला संशयही रोजचाच आला.

मूळच्या लेबनॉनच्या रॅम्सी नासिरने २०१२च्या सुमाराला याच रडगाण्यावर एक गंमत केली. त्याने 'कल्ब' नावाची प्रोग्रामिंगची भाषा बनवली, पूर्ण अरबीत. कल्ब म्हणजे हृदय. शिवाय 'कल्ब: लुगत बर्मजा', म्हणजे 'कल्ब ही प्रोग्रामिंगची भाषा', याची आद्याक्षरं घेतली तरी परत कल्बच. भाषा चालत होती, त्यात प्रोग्राम लिहिता येत होते. पण ती लिहायला बसलं की कोड लिहायचा एडिटर अडखळे, आज्ञा द्यायचं टर्मिनल अडखळे, बाकीची अवजारं अडखळत. बोट दाखवायचं होतं ते त्यावरच: संगणकाचं अख्खं घर इंग्रजीच्या मापाने बांधलेलं आहे.

जानेवारीला काय म्हणायचं?

अक्षरं जुळली की शब्दांचं भांडण सुरू होतं. संगणकाला 'हासूब' म्हणायचं की सरळ 'कोम्प्युटर'? (हासूब आणि आपला हिशेब एकाच धातूतून आले आहेत. फाँटला अरबीत 'खत्त' म्हणतात, आणि आपलं खरेदीखत त्याच खताचं.) दमास्कसची भाषा अकादमी १९१९ची, कैरोची १९३२ची, शब्द घडवण्याची परंपरा दांडगी आहे. पण अकादमीचा ठराव होईपर्यंत सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्या निघून गेलेल्या असतात.

त्यात मोरोक्कोचा माणूस फ्रेंचमधून शिकलेला, जॉर्डनचा इंग्रजीतून. घरची बोली एकमेकांना धड कळत नाही, म्हणून भाषांतर प्रमाण अरबीत, फुसहामध्ये, करायचं असं सगळ्यांनी मान्य केलं. तरी जानेवारी अडवतोच. इजिप्तमध्ये तो 'यनायर', सीरिया-इराककडे 'कानून अस्सानी', ट्युनिशिया-अल्जीरियात फ्रेंचवरून 'जानफी'. ऑगस्ट इजिप्तला 'अगुस्तुस', दमास्कसला 'आब', अल्जीयर्सला 'ऊत' आणि मोरोक्कोत 'गुश्त'. आकड्यांचंही तेच. पूर्वेकडे अरबी-भारतीय वळणाचे आकडे, मगरिबात (मोरोक्को-अल्जीरियाकडे) मात्र युरोपात चालतात तेच. म्हणजे 'अरबी' नावाची एक आवृत्ती काढून चालत नाही.

बटणावर 'जतन करा' लिहिणं आपल्याला सोपं, कारण आदरार्थी रूपात बाई-पुरुष भेद उरत नाही. अरबीत पुरुषाला 'इहफझ', बाईला 'इहफझी'. यातून वाट काढायला अनुवादकांनी आज्ञार्थच टाळला आणि क्रियेचं नाम घेतलं: 'हिफ्झ', नुसतं 'जतन'. असले निर्णय कुठल्या मंत्रालयात होत नाहीत. दहा-पंधरा माणसं भांडतात, कुणीतरी दमतं, आणि जो शेवटपर्यंत टिकतो त्याचा शब्द राहतो.

वेगळी चूल

हे भांडण एका छपराखाली आणलं 'अरबआइज' या प्रकल्पाने, २००१मध्ये. नाव म्हणजे 'अरबीकरण करणे' या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरची कोटी. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर अरबी चालावी म्हणून देशोदेशी पांगलेले अरब प्रोग्रामर त्यात जमले: कुणी अमेरिकेत, कुणी आखातात, कुणी मायदेशी. त्यांनी ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांची भाषांतरं केली, तांत्रिक शब्दकोश जमवला, फाँट केले. आजही विम या जुन्या एडिटरमध्ये 'सेट अरेबिक' अशी आज्ञा दिली की खिडकी उजवीकडून सुरू होते आणि अक्षरं एकमेकांना बिलगतात. ते या मंडळींचं काम. प्रकल्पातली वर्दळ कधीच ओसरली, आज्ञा मात्र चालू आहे.

याच्या शेजारी दुसरा मार्ग ठेवून पाहा. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेलं 'उजूबा' नावाचं अरबी लिनक्स निघालं. उजूबा म्हणजे नवल, आपल्या ओळखीच्या 'अजूबा'चं मूळ. उबुंटू या दुसऱ्या प्रकारावरून 'साबिली' निघालं, नमाजाच्या वेळा आणि कुराणाची साधनं घेऊन. कौतुक झालं, लोकांनी सीडी वाटल्या. पण फेडोरा आणि उबुंटूची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, आणि दर वेळी आपले सगळे बदल तिच्यावर नव्याने चढवावे लागतात. चार-पाच माणसांच्या बळावर हे किती वर्षं चालणार? कुणाचं लग्न होतं, कुणाला रियाधला नोकरी लागते, आणि आवृत्ती निघायची थांबते.

माझं मत सांगायचं तर अरबी मुक्त सॉफ्टवेअरच्या पंचवीस वर्षांतला मोठा धडा हाच आहे. वेगळी चूल मांडली ती विझली. सगळ्यांच्या चुलीत लाकूड सारलं ते जळतं आहे. विममधला अरबी आधार तगला, कारण तो विमचाच भाग झाला. विम सांभाळणारे लोक तोही सांभाळतात.

अल्जीरियातल्या ताहा झरूकी या प्राध्यापकाचं उदाहरण घ्या. अरबी शुद्धलेखन तपासणारा 'आयास्पेल' हा शब्दकोश त्यांच्या पुढाकाराने झाला आणि लिबरऑफिस, फायरफॉक्समध्ये गेला. त्यांचा 'तश्कीला' हा संग्रह सुमारे साडेसात कोटी शब्दांचा, स्वरचिन्हांसकट. अरबीत लघुस्वर सहसा लिहीत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरं 'त्याने लिहिलं'ही होऊ शकतात, 'लिहिलं गेलं'ही आणि 'पुस्तकं'ही. यंत्राला वाचायला शिकवायचं तर स्वर लावलेला मजकूर हवा, आणि तो मिळतो मुख्यतः जुन्या ग्रंथांत. म्हणून यंत्र मध्ययुगीन अरबी झकास वाचतं आणि आजच्या बातमीला ठेचकाळतं. दोष आहेच, पण तो उघड्यावर आहे. ज्याला खुपेल तो भर घालू शकतो.

खालिद होस्नींचा 'अमीरी' फाँटही याच जातीचा. कैरोच्या बुलाक छापखान्याची स्थापना १८२०ची. तिथे १९०५मध्ये ओतलेला नस्ख वळणाचा टाइप इतका देखणा होता की १९२४ची प्रसिद्ध कैरो प्रत, म्हणजे कुराणाची छापील आवृत्ती, त्यातच जुळवली गेली. होस्नींनी जुनी पानं समोर ठेवून तो टाइप संगणकासाठी पुन्हा घडवला आणि मुक्त परवान्याखाली सोडून दिला. शिशाचे ते खिळे सरकारी छापखान्याचे होते. आता तोच टाइप काही क्षणांत कुणालाही उतरवून घेता येतो.

तुरुंग आणि निर्बंध

समुदाय का मोडतात याची सगळीकडची कारणं इथेही आहेत: वेळ नाही, पैसा नाही, एकट्यावर भार. पण अरबी जगात आणखी दोन कारणं आहेत, आणि ती झाकून ठेवली तर चित्र खोटं होईल.

एक, लोक जमतात हेच सत्तेला खटकतं. लिनक्सवाल्यांच्या बैठकीत संगणक घेऊन आलेली तीस पोरं आणि त्यांना एकमेकांशी सुरक्षित बोलायला शिकवणारा कुणीतरी, हे पोलिसी डोळ्यांना निराळंच दिसतं. इजिप्तच्या लिनक्स वापरकर्ता गटात वावरणारा अला अब्देल फताह मुक्त सॉफ्टवेअरमधून लोकशाहीच्या चळवळीत आला. पुढच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं त्याने तुरुंगात काढली. सप्टेंबर २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली तेव्हा सुटला.

दमास्कसच्या बासिल खर्ताबिलची गोष्ट याहून काळी. सीरियात वाढलेला पॅलेस्टिनी प्रोग्रामर. फायरफॉक्स आणि विकिपीडियाला हातभार लावणारा, लेखन-चित्रांसाठी मुक्त परवाने तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीरियातलं काम बघणारा. २०१०मध्ये त्याने दमास्कसमध्ये 'आइकी लॅब' सुरू केली, पोरांनी येऊन शिकावं आणि काहीबाही बनवावं अशी जागा. पाल्मिराच्या प्राचीन अवशेषांचं त्रिमितीय रूप संगणकावर उभारायचाही त्याला ध्यास होता. १५ मार्च २०१२ला त्याला पकडलं. ऑक्टोबर २०१५मध्ये तुरुंगातून कुठेतरी हलवलं आणि मारून टाकलं; पत्नीला ते कळलं, आणि तिने जगाला सांगितलं, ते १ ऑगस्ट २०१७ला. पाल्मिरातलं बेलचं मंदिर २०१५च्या ऑगस्टमध्ये आयसिसने सुरुंगाने उडवलं होतं. त्याच वर्षी मित्रांनी बासिलच्या कामातून 'न्यू पाल्मिरा' हा प्रकल्प उघडला.

दुसरं कारण बाहेरून येतं. मुक्त परवान्याची एक मूळ अट अशी की कुणाही माणसाशी किंवा गटाशी भेदभाव करायचा नाही. पण संहिता ठेवलेली असते अमेरिकी कंपनीच्या संगणकांवर, आणि त्यांना अमेरिकेचे कायदे लागू. जानेवारी २०१०मध्ये सोर्सफोर्ज या कोड ठेवायच्या साइटने सीरिया आणि सुदानसह पाच देशांची वाट बंद केली. ओरड झाल्यावर निर्णय प्रत्येक प्रकल्पाच्या चालकावर सोपवला. जुलै २०१९मध्ये गिटहबने सीरियातल्या खात्यांवर बंधनं आणली: सार्वजनिक संहिता दिसे, खाजगी कामाला कुलूप. परवाना म्हणतो ये, दार म्हणतं जा. सीरियावरचा निर्बंधांचा कार्यक्रम अमेरिकेने ३० जून २०२५च्या आदेशाने संपवला. पण मधल्या वर्षांत कितीतरी सीरियन प्रोग्रामर बर्लिन, इस्तंबूल, अम्मानला जाऊन स्थिरावले होते.

पैसा वरून येतो तेव्हा

सरकारांबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०१२च्या अखेरीस कैरोत मंत्रिमंडळाच्या कचेरीसमोर मुक्त सॉफ्टवेअरवाले फलक धरून उभे राहिले, कारण सरकार मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांवर सुमारे ४.४ कोटी डॉलर खर्चणार होतं. त्या पैशात किती स्थानिक हात पोसले असते, हा त्यांचा सवाल होता.

आखाताची तऱ्हा उलटी. अबू धाबीच्या सरकारी संस्थेने मे २०२३मध्ये 'फाल्कन' हे ४० अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेल शिकताना जुळवतं त्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. आधी मोठ्या कमाईवर वाटा मागणारी अट घातली, आणि महिना संपायच्या आत ती काढून अपाचे हा पूर्ण मुक्त परवाना लावला. ऑगस्टमध्ये अरबी आणि इंग्रजीसाठी घडवलेलं १३ अब्जांचं 'जैस' आलं. मी याला नावं ठेवत नाही. पण वरून वाटलेला प्रसाद आणि पंक्तीत मिळून रांधलेलं जेवण यांत फरक आहे. असलं मॉडेल उतरवून वापरता येतं, पण त्यातलं चुकलेलं क्रियापद अल्जीयर्सचा मास्तर दुरुस्त करून परत पाठवू शकत नाही.

मग कुणाला अरबीत किंवा आणखी कुठल्या भाषेत असा समुदाय उभा करायचा असेल तर काय करावं? मी जे पाहिलं-वाचलं त्यावरून वाटतं की जाहीरनाम्यापेक्षा पहिलं काम इतकं लहान असावं की नवा माणूस त्याच संध्याकाळी ते संपवून घरी जाईल. किल्ल्या निदान दोघांकडे असाव्यात, आणि त्यातला एक दुसऱ्या देशात. चर्चा अरबीत होऊ द्यावी, पण झालेली दुरुस्ती मूळ प्रकल्पात पाठवावी, इंग्रजी मोडकी असली तरी. आणि भेटत राहावं. अम्मानची जॉर्डन ओपन सोर्स असोसिएशन हे बरंच सातत्याने करत आली आहे.

लहान काम म्हणजे किती लहान? युनिकोडची एक सामाईक वही आहे, जगभरातल्या भाषांचे महिने, वार, चलनं, वचनं नोंदणारी. तुमच्या-माझ्या फोनमधलं कॅलेंडरही तिच्यावरच चालतं. तिच्यात ट्युनिशियाच्या रकान्यात जानेवारीसमोर 'जानफी' आहे आणि इजिप्तच्या रकान्यात 'यनायर'. ठरावीक काळाने वही दुरुस्तीला उघडते, प्रत्येक नोंदीवर मतं पडतात, आणि ऑगस्ट 'ऊत' की 'गुश्त' की 'आब' यावर कुणीतरी आपला कौल देऊन चहा ठेवायला उठतं.